आत्याबाईंचं पान

गोष्ट २००८ सालची आहे, पण अजून आठवली की कानशिलं गरम होतात. मुलगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला म्हणून घरच्या घरी पार्टी करायचं ठरलं. नातेवाईक, ह्यांच्या ऑफिसमधले, शेजारपाजारचे असे पस्तीसेक जण. पंगत घालायला जागा नाही आणि वाढायला माणसं नाहीत, म्हणून मी म्हटलं, बुफे करू. एका मासिकातलं गुळगुळीत कागदावरचं चित्र मी कापून ठेवलं होतंच. झालं! चार दिवस मी त्या चित्राच्या मागे. पेपर नॅपकिनचे पंखे केले, गाजर-मुळ्याची फुलं कोरून बर्फाच्या पाण्यात टाकली, आणि लग्नातली पैठणी काढून टेबलावर अंथरली. हो, पैठणी! हसू नका, चित्रात तसंच होतं.

टेबल दिसायला खरंच सुरेख दिसत होतं. आल्या आल्या सगळ्यांनी फोटो काढले. मग जेवणं सुरू झाली आणि एकेक फजिती उघडी पडायला लागली. टेबल भिंतीला चिकटवलेलं, त्यामुळे एकाच बाजूने रांग. ती दारातून व्हरांड्यात गेली. वाट्या ठेवल्या होत्या टेबलाच्या शेवटी, तिथवर येईतो डिश भरलेली, मग वाटी ठेवायची कुठे? लोकांनी आमटी मसालेभातावरच घेतली. वर पंखा फुल स्पीडला, त्याने नॅपकिनचे पंखे उडाले. पैठणीच्या काठावर आमटीचा ओघळ आला तो आजतागायत आहे.

पण कानशिलं गरम होतात ती पैठणीमुळे नव्हे. रात्री दहाच्या सुमारास मी व्हरांड्यात गेले, तर ह्यांच्या आत्याबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांनी बेजार. मी विचारलं, "आत्याबाई, जेवलात ना?" तर म्हणाल्या, "अगं, वाढायला कुणी आलंच नाही." तक्रारीचा सूर नव्हता. त्यांना खरंच वाटलं होतं की आपली पंगत अजून बसायची आहे. मी धावत ताट करून आणलं, तर म्हणाल्या, "आता नको गं, उशीर झाला. कपभर दूध दे." पस्तीस माणसं जेवून गेली आणि घरातलं सगळ्यात मोठं माणूस दूध पिऊन झोपलं. मीसुद्धा अकराला ओट्याशी उभं राहून गार पुऱ्या खाल्ल्या.

आता ह्यावर बुफेला नावं ठेवणं अगदी सोपं आहे. आपल्याकडे ठेवतातच. 'बफेलो सिस्टीम' म्हणून हसतात, ताट घेऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे कसं भिकाऱ्यासारखं वाटतं म्हणतात. मला नाही पटत. पंगतीचं कौतुक करणारे बहुतेक पानावर बसणारे असतात, पदर खोचून वाढणाऱ्या नसतात. आग्रह करकरून पाय दुखेपर्यंत वाढायचं आणि 'बायकांची पंगत शेवटी' म्हणत तीन वाजता बसायचं. तोवर मसालेभाताची खरवड आणि कोशिंबिरीचं पाणी उरलेलं. हे तुम्हीही केलंय, मीही केलंय. त्यामुळे मी बुफेच्याच बाजूची. माझं म्हणणं एवढंच, की आपण बुफे उचलला तो हॉटेलच्या चित्रावरून. बघणाऱ्यासाठी टेबल सजवायला शिकलो, जेवणाऱ्यासाठी मांडायला नाही.

आणि गंमत बघा, बुफे हा शब्द फ्रेंच, पण मुळात त्याचा अर्थ जेवणाच्या खोलीतलं भांडीकुंडी ठेवायचं कपाट. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर असते ती मांडणीच की! आपल्याकडे वस्तूलाही मांडणी म्हणतात आणि कामालाही. आपलं पान वाढायची रीत आठवा. वर मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आमटी, मध्ये वरण-भात. त्यात शोभा आहेच, पण सोयही आहे. चवीपुरतं लागतं ते डावीकडे, पोटभर खायचं ते उजव्या हाताशी. पानाभोवती रांगोळी असते, पानात नसते. टेबल सजवताना मी हल्ली हेच धरून चालते.

सगळ्यात आधी टेबल भिंतीपासून ओढा. मागून एक माणूस सहज जाईल एवढी, दोन-अडीच फूट तरी जागा ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी लोक घेतात आणि रांग निम्मी होते. सुरुवातीला डिशेस आणि त्यांच्या शेजारीच वाट्या. चमचे आणि नॅपकिन शेवटी, कारण आधी दिले तर माणूस ते धरणार कुठल्या हातात? नॅपकिनवर छोटा दगड किंवा अडकित्ता ठेवा, छान दिसतो आणि पंख्याने ते उडत नाहीत. पाण्याचं टेबल वेगळं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. गोडाचंही वेगळं ठेवलं तर उत्तम. पाणी प्यायला आलेले रांगेत घुसले की सगळाच गोंधळ होतो.

उंचसखल मांडणी टेबलाला शोभा आणते. त्यासाठी विकत काही आणू नका. पिठाचे रिकामे डबे उपडे घाला, पाट आडवे ठेवा आणि त्यावरून कापड सोडा. कापड म्हणजे पैठणी नव्हे, बाई! आईची जुनी सुती इरकल, एखादं नऊवारी लुगडं. काठ पुढे दिसू द्या. डाग पडला तर धुता येतो. मागच्या बाजूला उंचावर कोरड्या वस्तू, म्हणजे वड्या, पापड, पुऱ्या. रसाच्या भाज्या आणि आमटी मात्र खाली आणि पुढे, नाहीतर ओगराळ्यातून थेंब सांडत सांडत येतात.

फुलं ठेवा, पण बसकी. झेंडू, शेवंती पितळी घंगाळात पाण्यावर तरंगत ठेवली की झालं. निशिगंध जेवणाच्या टेबलावर नको, आमटीच्या फोडणीचा वासच येत नाही. आणि कण्हेर तर अजिबात नको. दारात फुललेली असते, रंग सुरेख असतो, पण कण्हेरीचं झाड पानाफुलांसकट विषारी आहे, खाण्याजवळ तिचं काम नाही.

आता पितळेचं निघालंच आहे तर सांगते. हल्ली हौसेने तांब्या-पितळेची भांडी टेबलावर येतात. येऊ देत, माझ्याही येतात. पण आतून कल्हई आहे का ते आधी बघा. कल्हई नसेल तर ताक, सोलकढी, चिंचेची आमटी, कैरीची डाळ असलं आंबट काहीही त्यात ठेवायचं नाही. कळकतं, आणि कळकलेलं पोटात गेलं की उलट्या ठरलेल्या. आमच्या आज्यांना हे पाठ होतं. शोभेसाठी पितळी ठेवायचंच असेल तर आत स्टीलचं पातेलं बसवा, बाहेरून कुणाला कळतसुद्धा नाही.

अन्न उघड्यावर किती वेळ ठेवायचं, ह्याचा विचार तर आपण करतच नाही. पाहुणे साडेसातला येणार म्हणून सातलाच सगळं मांडतो, आणि शेवटचा पाहुणा जेवतो साडेदहाला. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त तसंच ठेवू नये, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त नको. भात, पनीर, दुधाचे पदार्थ ह्यांची तर विशेष काळजी. म्हणून सगळं एकदम बाहेर काढायचं नाही. निम्मं आत ठेवा, गरम ते गरम आणि गार ते फ्रीजमध्ये. पातेलं रिकामं झालं की दुसरं भरलेलं आणायचं, उरलेल्यावर नवीन ओतायचं नाही. टेबलही त्यामुळे शेवटपर्यंत ताजं दिसतं. आमटीसाठी परातीत कढत पाणी घालून त्यात पातेलं ठेवलं तर बराच वेळ गरम राहते.

पदार्थ निवडताना एकदा स्वतः डिश घेऊन उभं राहून खाऊन बघा. डाव्या हातात डळमळती डिश आणि उजव्याने घडीची पोळी तोडायची, जमतं का? पुरणपोळी आणि कटाची आमटी हे बसून खायचं जेवण, त्याचा बुफे करू नये. छोट्या पुऱ्या, कोथिंबीर वडी, अळूवडी, मसालेभात, दहीबुत्ती, वाटीत श्रीखंड, असं काही करावं. मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घ्या: तिखट, कांदा-लसूण नाही, शेंगदाणे आहेत. उपासाचं बाजूला.

डिशेसबद्दलही एक. त्या पार्टीला मी थर्माकोलच्या डिशेस आणल्या होत्या. आता तो प्रश्नच नाही. महाराष्ट्रात २०१८ साली ह्या वस्तूंवर बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सजावटीचं थर्माकोल देशभर बंद झालं. पळसाच्या पत्रावळीखाली ताटली असली तर ती वाकत नाही. नाहीतर गल्लीतल्या दोघी-तिघींच्या स्टीलच्या डिशेस गोळा करा, मागे नेलपेंटचा ठिपका द्या, म्हणजे कुणाची कुठली ते कळतं.

पुढच्या वर्षी सासऱ्यांची पंचाहत्तरी केली. माणसं साधारण तेवढीच. ह्यावेळी टेबल ओढून मधोमध घेतलं, लुगडं अंथरलं, फुलं घंगाळात. आणि व्हरांड्यात एक बसकं टेबल आणि चार खुर्च्या वेगळ्या ठेवल्या. बसूनच जेवणाऱ्यांसाठी. लेकीला आणि पुतण्याला सांगितलं, तुमचं काम एकच, इथल्या लोकांना काय हवं-नको ते बघायचं. आत्याबाई आल्या त्या थेट तिथेच. त्यांच्या ताटाभोवती लेकीने खडूने रांगोळी काढली होती, टेबलावरच! मीठ, लिंबू, चटणी सगळं जागच्या जागी. पुतण्या तिसऱ्यांदा श्रीखंड वाढायला गेला तेव्हा मी पाण्याचे तांबे भरत होते. आतून हाक आली, "ती कुठाय? तिला म्हणावं, इथली चौथी खुर्ची रिकामी आहे."

मी ताट घेऊन बसले. पुऱ्या गरम होत्या.