परदेशात कार्ड घासण्याआधी बँकेला तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर मराठीत मागा

परवा एका कार्यक्रमात ओळखीचे एक गृहस्थ भेटले. राहुरी तालुक्यातले, ऊस-कांदावाले, साठीच्या पुढचे. काकूंना घेऊन थायलंडला चाललेत, सहा दिवसांची टूर. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार. खिशातून दोन कार्डं काढून माझ्यापुढं धरली. "पत्रकार, यातलं तिकडं कोणतं चालंल?"

एक होतं साधं रुपे डेबिट कार्ड. दुसरं एका खासगी बँकेचं क्रेडिट कार्ड, मुलानं काढून दिलेलं. मी म्हणालो, अण्णा, बँकेत विचारा की. ते म्हणाले, "दोन्हीकडं जाऊन आलो. एक म्हणला चालंल बहुतेक. दुसरा म्हणला ॲपमध्ये बघा."

चालंल बहुतेक. ॲपमध्ये बघा. तीस वर्षं ज्यांच्या काउंटरवर कांद्याची पट्टी जमा केली, त्यांच्याकडून आलेलं हे उत्तर. आजची पोस्ट या दोन उत्तरांवर आहे.

आता काही मित्र लगेच कमेंट टाकतील. कांद्याला भाव नाही, रस्त्यात खड्डे का खड्ड्यात रस्ता कळत नाही, आणि तुम्हाला परदेशातल्या कार्डाची पडलीय. त्यांना आधीच सांगतो, कांद्यावर लिहायचं मी सोडलेलं नाही. पण जरा आजूबाजूला बघा. पासपोर्टसाठी आता नगरच्या पोस्टातच काम होतं. संगमनेर, राहाता, अकोल्यातली पोरं जर्मनीत, दुबईत आहेत, त्यांचे आईबाप वर्षाआड जाऊन येतात. मुकुंदनगरमधून लोक उमऱ्याला जातात. शेतकरी अभ्यास दौऱ्याला जातात. भिशीच्या पैशातून बायकांचे ग्रुप दुबई करून येतात. हे लोक श्रीमंत नाहीत. पै-पै जमवून एकदा जातात. म्हणूनच त्यांचे चार हजार रुपये गेले तर ती बातमी आहे.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. डिप्लोमा पत्रकारितेचा, वीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवतोय, आणि दुबईत एका दुकानात मीच फसलो. आई आणि मावशीला घेऊन गेलो होतो. बिल झालं ८५० दिरहम. पोरानं मशिन पुढं केलं. त्यावर दोन पर्याय होते, दिरहममध्ये भरणार का रुपयांत? मी म्हटलं, आपला रुपया बरा, हिशोब तरी कळंल. बटण दाबलं. २०,४०० रुपये गेले.

रात्री मावशीच्या मुलानं बिल बघितलं आणि कपाळाला हात लावला. त्या दिवशी दिरहमचा भाव होता पावणेतेवीस रुपयांच्या आसपास. म्हणजे खरं बिल साधारण १९,३४० रुपयांचं. मशिननं मला २४ चा भाव लावला होता. वर घरी आल्यावर बँकेनं "परदेशी दुकानात रुपयांत व्यवहार" म्हणून १ टक्का आणि त्यावर जीएसटी घेतला, २४१ रुपये. एका बटणाचे १,३०० रुपये. दुधाला तीस रुपये धरले तर ४३ लिटर दूध. गोठ्यात पहाटे चारला उठणाऱ्याला विचारा, ४३ लिटर म्हणजे काय ते.

याला म्हणतात डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. भाव ठरवतो दुकानदाराच्या मशिनमागचा माणूस, आणि फरकात त्याचा वाटा असतो. नियम सोपा आहे, परदेशात मशिननं किंवा एटीएमनं विचारलं तर कायम तिथलंच चलन निवडायचं. रुपया दिसला की आपल्याला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं, त्याचाच फायदा घेतात.

पण दुबईच्या दुकानदाराला शिव्या देऊन भागणार नाही. मोठा खड्डा आपल्याच बँकेत आहे.

आपण परदेशात कार्ड वापरलं की बँक भावावर "मार्कअप" लावते. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो, काहींवर दोन, काहींवर शून्य. त्यावर १८ टक्के जीएसटी. हिशोब करा. एक लाख खर्च केले तर साडेतीन टक्क्यांचे ३,५०० आणि जीएसटीचे ६३०. एकूण ४,१३० रुपये. दोन टक्केवाल्या कार्डावर २,३६०. शून्य मार्कअपच्या कार्डावर हा खर्चच नाही. दुकान तेच, वस्तू तीच, दिवस तोच. फरक फक्त खिशातून कोणतं कार्ड काढलं याचा. आणि हा फरक कार्ड देताना कोणी सांगतं का? कार्ड विकायला येणारा पोरगा सांगतो लाउंज फुकट, सिनेमाचं तिकीट फुकट, पॉइंट मिळतील. चार हजाराचं मात्र तोंडातून निघत नाही.

तुम्ही म्हणाल, नियम नाहीत का? आहेत की. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये कार्डांबद्दल सविस्तर निर्देश काढले. क्रेडिट कार्डाच्या अर्जासोबत व्याज आणि शुल्क सांगणारा एक पानी कागद द्यायचा, असं त्यात आहे. अटी ग्राहकाला समजतील अशा सोप्या भाषेत लिहायच्या, "शक्यतो" इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत, असंही आहे.

त्या "शक्यतो"मध्ये सगळं पाणी मुरतं. शक्यतो म्हणजे नाही दिलं तरी चालतं. म्हणून सही करायची जागा मराठी माणसाला बोटानं दाखवली जाते आणि शुल्काचं पान इंग्रजीत बारीक अक्षरात राहतं. कर्जाच्या वसुलीची नोटीस मात्र शुद्ध मराठीत घरी येते. तेव्हा भाषेची अडचण येत नाही.

दुसरे आपले टूरवाले. सगळे सारखे नाहीत, चांगलेही आहेत. पण "आमच्याकडूनच फॉरेक्स कार्ड घ्या, कंपल्सरी आहे" असं कोणी सांगत असेल तर सरळ विचारा, कोणत्या नियमानं? फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी पैसे भरून डॉलर, युरो, दिरहम टाकून घेतलेलं कार्ड. भाव घेतानाच ठरतो, हा फायदा खरा. शिकायला जाणाऱ्या पोराला, महिनाभर एकाच देशात राहणाऱ्याला ते बरं पडतं. पण खर्च त्यातही लपलेला असतो. विकतानाच्या भावात त्यांचा नफा असतो. डॉलर भरलेले आणि खर्च थायलंडच्या बाथमध्ये केला तर पुन्हा अदलाबदलीचं शुल्क. एटीएमचं वेगळं. उरलेले पैसे परत घेताना भाव पुन्हा पडता. सहा दिवसांच्या टूरला, जिथं हॉटेल आणि जेवण आधीच भरलंय, तिथं दीड-दोन लाखांचं कार्ड गळ्यात मारायची गरज काय?

तिसरा मुद्दा रुपेचा. देशाचं कार्ड आहे, मला अभिमान आहे, माझ्याही पाकिटात आहे. पण अभिमानावर बँकॉकचं मशिन चालत नाही. आपल्याकडं वाटलेली साधी रुपे कार्डं बहुतेक देशापुरतीच असतात. रुपे ग्लोबल वेगळं, ते परदेशात डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी यांच्या जाळ्यावर चालतं. कार्डावर काय लिहिलंय ते बघा आणि बँकेकडून पक्कं करून घ्या. यूपीआयचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटाला यूपीआय चाललं, त्याचे फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. नेपाळ, भूतान, सिंगापूर, मॉरिशस, श्रीलंका, अमिरातीतही ठरावीक ठिकाणी चालतं. पण ॲपमध्ये ते वेगळं चालू करावं लागतं आणि सगळ्याच दुकानांत चालत नाही. त्याच्या भरवशावर मोकळ्या खिशानं जाऊ नका.

आता कामाचं. बँकेत जा आणि तीन प्रश्न विचारा.

एक. हे कार्ड त्या देशात चालतं का, आणि परदेशी व्यवहार चालू केलाय का? १ ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड फक्त देशात चालू स्थितीत मिळतं, परदेशासाठी आपण स्वतः चालू करायचं असतं. चालू करताना मर्यादाही टाका, कारण परदेशातल्या बऱ्याच व्यवहारांना ओटीपी लागत नाही. घरी आलात की बंद करा.

दोन. मार्कअप किती टक्के, जीएसटी धरून एक लाखाला किती रुपये? टक्के ऐकून गप बसू नका, रुपयांत वदवून घ्या.

तीन. एटीएममधून काढले तर किती कापणार, आणि कार्ड हरवलं तर रात्री दोन वाजता फोन कुठं करायचा? तो नंबर कागदावर लिहून पाकिटाबाहेर ठेवा. पाकिटाबरोबर नंबरही गेला तर काय उपयोग? २०१७ च्या नियमानुसार, आपली चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि आपण ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड आपल्यावर येत नाही. उशीर केला तर येतो.

माझं मत विचाराल तर छोट्या टूरला असं करा. टॅक्सी-चहापुरती थोडी रोख, परवानाधारक मनी चेंजरकडून पक्क्या बिलावर घेतलेली. दुकानासाठी शून्य मार्कअपचं एक कार्ड. दुसऱ्या बँकेचं एक कार्ड अडीअडचणीला, वेगळ्या बॅगेत. क्रेडिट कार्डानं एटीएममधून पैसे काढू नका, त्याला शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. शेतकऱ्याला पगाराची स्लिप नसते म्हणून क्रेडिट कार्ड मिळत नाही, हे खरं. पण मुदत ठेवीवर कार्ड देणाऱ्या बँका आहेत, त्यातल्या काहींचं कार्ड शून्य मार्कअपचंही आहे. बँकांची नावं मुद्दाम लिहीत नाही. दर बदलतात, आणि ही पोस्ट जाहिरात व्हायला नको.

शेवटचं, आणि हे जरा कडू आहे.

"ओळखीचा माणूस आहे, त्याला असं कसं विचारायचं" हा आपल्या जिल्ह्याचा जुना रोग आहे. त्याची किंमत नगरकरांना मी सांगायची गरज नाही. १९१० ची नगर अर्बन बँक, आपल्या आजोबा-पणजोबांची. ४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना रद्द केला. विम्याचं संरक्षण ५ लाखांपर्यंतच. त्यापुढच्या ठेवीदारांचे चेहरे मी बातमी करताना जवळून बघितलेत. वर्षानुवर्षं कोणी उभं राहून प्रश्न विचारला की त्याला "विघ्नसंतोषी" म्हणायचे. कार्डाचे चार हजार आणि ठेवीचे लाखो यांची बरोबरी मी करत नाही. पण काउंटरसमोर गप उभं राहायची सवय दोन्हीकडं एकच आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाखेत, मग ती सरकारी असो, खासगी असो वा सहकारी, एक मराठी फलक लागावा: आमचं कार्ड परदेशात वापरलं तर एक लाखाला इतके रुपये लागतील. एक ओळ. "शक्यतो" नको. आमदार-खासदारांनी बँकर्सच्या बैठकीत चहा-बिस्किटं खाताना एवढं विचारावं. ग्राहकांनी लेखी विचारावं, पोहोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी १४४४८ वर फोन लावा.

राहुरीच्या अण्णांना मी सोमवारी पुन्हा बँकेत पाठवतोय, तीन प्रश्न कागदावर लिहून. काय उत्तर मिळतं ते इथंच टाकीन. तुमच्या बँकेनं काय सांगितलं ते कमेंटमध्ये लिहा. कार्ड नंबर मात्र चुकूनही टाकू नका राव.