पत आणि पंचेचाळीस दिवस

पिंपरी-चिंचवड असो वा कोल्हापूरजवळची शिरोली, मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तेथील असंख्य लघुउद्योग पुरवीत असतात. माल वेळेवर आणि निर्दोष मिळावा, ही मोठ्या उद्योगांची अपेक्षा रास्तच आहे. परंतु त्या मालाचे पैसेही वेळेवर चुकते केले पाहिजेत, याचा विसर अनेकांना सोयीस्करपणे पडतो.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने या व्यवहाराला मुदतीचे बंधन घातले. लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे दिले पाहिजेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तरीही थकबाकीचे दुखणे हटेना, म्हणून २०२३ मध्ये प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती करावी लागली. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खर्चात धरता येणार नाही, असे सरकारला सांगावे लागले.

कायदा अपुरा का पडतो? तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती लहान उद्योजकाच्या मनात असते. तो मुकाट्याने कर्ज काढून कामगारांचे पगार भागवितो. थकलेले बिल म्हणजे लहानाने मोठ्याला दिलेले बिनव्याजी कर्जच होय!

आपल्या व्यापारी परंपरेत दूरदूरच्या पेढ्या परस्परांच्या हुंड्या वटवीत. हुंडी परत जाणे म्हणजे पत जाणे. ही पत शब्द पाळण्यातून उभी राहत असे, पेढीच्या आकारातून नव्हे.

आजही मार्ग तोच आहे. मालात दोष असेल तर तो १५ दिवसांत लेखी कळवावा. पैसे देण्याची वेळ आल्यावर खुसपटे काढू नयेत. विलंब अटळ असेल तर आधी सांगावे. पुरवठादारानेही कुवतीबाहेरची ऑर्डर स्वीकारून खोटा वायदा करू नये.

आपल्यापैकी अनेकजण खरेदी वा हिशेब विभागात जबाबदारीच्या पदांवर आहेत. टेबलावर पडून राहिलेल्या एखाद्या बिलामागे दहा-बारा घरांच्या चुली असू शकतात. ते बिल वेळेवर पुढे सरकविणे हे उपकार नव्हेत; तो आपल्या संस्थेने दिलेला शब्द आहे.