रोजच्या वापरातली पद्मिनी

आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात माझ्या १९८८ सालच्या प्रीमियर पद्मिनीचा उल्लेख ‘सरांची स्पोर्ट्स कार’ असा केला जातो. त्यातला उपहास उघड आहे. कसालच्या तिठ्यावरून मालवणच्या रस्त्याला लागले की कट्टा येईपर्यंत मागून निघालेली एस.टी. मला ओलांडून पुढे गेलेली असते. तरीही हा विनोद करणाऱ्या सहकाऱ्याला वाटते त्यापेक्षा तो सत्याच्या अधिक जवळ आहे, आणि या लेखाचे निमित्त तेच आहे.

पद्मिनीच्या इंजिनाचे कूळ १९३७ सालच्या इटलीत सापडते. फियाटने त्या वर्षी १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे एक साधे, काटक इंजिन बाजारात आणले. दुसरे महायुद्ध संपल्यावर तुरिनच्या ‘चिसितालिया’ या छोट्या कंपनीने याच इंजिनाला अधिक जोर आणून स्पर्धेच्या गाड्या बांधल्या. त्यांतल्या ‘२०२’ या गाडीचे पिनिनफारिनाने घडवलेले रूप इतके देखणे ठरले, की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ च्या प्रदर्शनात ती शिल्पासारखी मांडली आणि पुढे आपल्या संग्रहात घेतली. इकडे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या जुळवायला आणि मग बनवायला सुरुवात केली. १९६४ ची ‘अकराशे डिलाइट’ हीच नाव बदलत बदलत १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. एकाच घराण्यातल्या दोघी. एक संग्रहालयात काचेसारख्या गुळगुळीत जमिनीवर उभी राहिली, दुसरी काळा-पिवळा रंग लेवून मुंबईच्या दादर-परळात राबली. (पद्मिनी हे चितोडच्या राणीचे नाव, शिवाय नायिकाभेदातले सर्वांत वरचे स्थान. टॅक्सीला ते शोभले की नाही, यावर कुणी टिपण लिहायला हरकत नाही.)

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. तेव्हा वृत्तपत्रांतून, अनुदिनींतून मृत्युलेखांचा पाऊस पडला. बहुतेक लेख स्मरणरंजनाचे होते: मागच्या आसनावरची रंगीत फुलाफुलांची खोळ, टॅक्सीवाल्याशी झालेल्या गप्पा, पहिल्या पावसात उघडी राहिलेली काच. हे सगळे खरेच आहे. पण त्या लेखांत ती गाडी चालवणारा माणूस नव्हता. उन्हाळ्यात पुढच्या पत्र्यातून पायाशी येणारा ताव, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना हटून बसणारा गिअर, पाण्यातून गेल्यावर काही क्षण गायब होणारा ब्रेक, यांतले काहीच नव्हते. मागच्या आसनावर बसून लिहिलेले ते साहित्य होते. त्याच्या उलट टोकाला जुन्या गाड्यांचे भक्त असतात. ‘तीस वर्षांत एकदाही दगा दिला नाही’ असे ते सांगतात. हे विधान मी सरळ खोटे समजतो.

माझी गाडी दगा देते. गेल्या पावसाळ्यात ती तीनदा रस्त्यात उभी राहिली. पैकी दोनदा कारण एकच होते: डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली आणि ठिणगी पडेना. टोपी काढली, कोरड्या फडक्याने आतून पुसली, पॉइंटवरून बारीक पॉलिश पेपर फिरवला, गाडी चालू झाली. चौक्याच्या पुढे एका माडाखाली हे काम करताना मला ताझिओ नुवोलारी आठवला होता. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत हा चोपन्न वर्षांचा, आजारी माणूस त्याच फियाट कुळातल्या इंजिनाची उघडी चिसितालिया घेऊन उतरला आणि कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांच्या पुढे निघाला. शेवटच्या टप्प्यात मुसळधार पाऊस आला, ठिणगीच्या यंत्रणेत पाणी गेले, खोळंबा झाला आणि तो दुसरा आला. त्याचा शत्रू तोच होता, जो जून ते सप्टेंबर माझ्या अंगणात मुक्कामाला असतो. फरक इतकाच, की मला उशीर झाला तर एस.वाय.चा पहिला तास बुडतो.

आता मुद्द्याकडे येतो. ‘भरवशाची गाडी’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? मराठीत ‘भरवसा’ हा शब्द आधी माणसांसाठी वापरला जातो. भरवशाचा माणूस म्हणजे कधीच आजारी न पडणारा माणूस नव्हे. त्याला काय होते, कशाने होते हे आपल्याला ठाऊक असते, आणि तो बरा होईल याची खात्री असते. आमच्या कसालच्या मेस्त्रींनी हे माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितले होते. गाडी विकत घेतली तेव्हा बॉनेट उघडून बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकत ते उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘सर, ही आजारी पडता, पण मरणा नाय. बिघडला तर कित्या बिघडला ता कळता.’’ कळणे हा यातला खरा शब्द आहे. पेट्रोल, हवा, ठिणगी या तीनच गोष्टींपैकी एक कुठेतरी अडलेली असते. उन्हाळ्यात फोंडा घाट चढताना इंजिन गुदमरले, तर पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे दरीकडे बघत बसायचे. हे उपाय कुठल्याही पुस्तकातून मला मिळाले नाहीत.

माझ्या एका सहकाऱ्याची नवी गाडी गेल्या वर्षी ओरोसच्या अलीकडे उभी राहिली. पुढच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागला होता. त्या दिव्याचा अर्थ गाडीतल्या कुणालाही कळला नाही, मेस्त्रींनाही नाही. कारण त्यासाठी लागणारे यंत्र त्यांच्याजवळ नाही. गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून कोल्हापूरला गेली आणि आठ दिवसांनी आली. भरवशाच्या म्हशीला टोणगा! मी हे समाधानाने सांगत नाही. त्याची गाडी पाच वर्षांत एकदा थांबली, माझी एका पावसाळ्यात तीनदा. आकड्यांत तो जिंकतो. सुरक्षिततेतही जिंकतो, चौपदरी महामार्गावर रात्रीच्या वेळी मुलांना घेऊन मी पद्मिनी काढत नाही. तिच्या धुराचेही समर्थन करता येत नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्याच्या भरवशात त्याचा स्वतःचा काही वाटा नाही. माझ्या भरवशात माझा आहे, मेस्त्रींचा आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बुश घडवून देणाऱ्याचा आहे.

आणि आनंद? तोही बराचसा इथलाच आहे. सकाळी चोक ओढून दोन मिनिटे थांबणे, इंजिनाचा सूर लागल्यावर चोक हळूहळू आत ढकलणे, कुंभारमाठाच्या उतारावर गिअर न बदलता नुसत्या पायाने वेग सांभाळणे. ताशी पन्नासच्या वेगातही ही गाडी ‘चालवावी’ लागते. नव्या गाडीत त्याच वेगाला आपण झोपलेले असतो. स्पोर्ट्स कार म्हणून लोक ज्याच्यावर लाखो रुपये खर्च करतात ते याहून फार वेगळे असेल असे मला वाटत नाही.

अडचण अशी आहे, की आपल्या व्यवस्थेला जुन्या वस्तूच्या दोनच अवस्था कळतात. एक भंगार, दुसरी वारसा. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तिचे शुल्क २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. २०२३ मध्ये मी ते भरले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते दहा हजार झाले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. हा भंगाराकडे जाणारा रस्ता. दुसरीकडे २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते, वेगळी अक्षरे असलेली पाटी मिळते. पण ती नोंद घेतली, की गाडी प्रदर्शनाला, मेळाव्याला, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे २०३८ मध्ये माझी पद्मिनी सन्मानाला पात्र होईल, आणि तो सन्मान स्वीकारला तर ती मला महाविद्यालयात नेऊ शकणार नाही.

आपण साहित्याचे लोक आहोत. ही कोंडी आपल्याला नवी नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही कक्षात पेढे वाटले. त्याच आठवड्यात एम.ए.च्या वर्गात ‘लीळाचरित्र’ किती जणांनी परीक्षेच्या बाहेर, सहज उघडून वाचले आहे असे विचारले. एकही हात वर आला नाही. माझाही गेल्या दहा वर्षांत आला नसता. दर्जा मिळालेली वस्तू वापरातून जाते असा नियम नाही, पण दर्जा आणि वापर यांचा संबंध नाही एवढे तरी खरे. जुना ग्रंथ वाचतानाही अर्थ अडतो, एखादे क्रियापद रुसून बसते, टोपी काढून पुसावी लागते. ती खटपट करायला कुणी उरले नाही, की मग पाटी कुठलीही लावा.

नियम बदलावेत, मर्यादित अंतराच्या वापराला मुभा द्यावी, धुराची तपासणी वाटल्यास दर सहा महिन्यांनी करावी, असे माझे मत आहे. अशा गाड्या आता रस्त्यावर आहेत तरी किती! पण नियमांपेक्षा मला धाक दुसराच आहे. मेस्त्री सत्तरीला आले आहेत. त्यांचा मुलगा हुशार आहे, गॅरेजही चालवतो, पण कार्बुरेटरची गाडी त्याच्याकडे महिन्याला एखादीच येते. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून जुन्या पंपाचे रबर मऊ पडते. त्याला कुठले रबर चालेल याचा शोध बापलेक मिळून घेत आहेत. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा पंप खोलून फळीवर मांडला होता. मेस्त्री बाकावर बसून सांगत होते आणि मुलगा, बहुधा पहिल्यांदाच, त्यांच्याऐवजी स्वतः इंजिनाला कान लावून उभा होता.