50 वर्षांची अट आणि शर्यतीच्या गाड्या

गेल्या काही आठवड्यांत कार्यालयात आलेल्या पत्रांपैकी पुष्कळशी एकाच विषयावरची आहेत, आणि नावे व गावे सोडली तर त्यांतील कैफियतीत फारसा फरक नाही. त्यांतले एक प्रातिनिधिक म्हणून येथे घेतो. दक्षिण महाराष्ट्रातील एका वाचकांकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली जुनी फियाट 1100 आहे. ती त्यांच्या वडिलांनी शोलावरमच्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यतीत पळविली, पुढे अनेक वर्षे ती शेडमध्ये उभी राहिली, आणि आता चिरंजीवांनी मोठ्या निष्ठेने ती पुन्हा चालती केली आहे. ती रीतसर नोंदवून घ्यावी म्हणून ते परिवहन कार्यालयात गेले असता एका खिडकीवर त्यांना सांगण्यात आले की, गाडी 50 वर्षांहून जुनी आहे, तेव्हा अर्ज व्हिंटेज म्हणून करावा. त्याप्रमाणे अर्ज केल्यावर निरीक्षकांनी बॉनेट उघडून पाहिले आणि शेरा मारला की मॅनिफोल्ड बदललेले आहे, दोन कार्बुरेटर बसविलेले आहेत, गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून काढून खाली आणलेला आहे, सबब वाहन मूळ स्वरूपात नाही. मग साध्या फेरनोंदणीचे कागद पुढे केले, तर इंजिनाचा क्रमांक आरसी बुकाशी जुळत नाही या कारणाने तेही परत आले. ज्या गाडीने भर उन्हात, हजारो प्रेक्षकांसमक्ष, शर्यत पुरी केली, ती गाडी आज सरकारदरबारी जुनीही नाही, नवीही नाही.

व्हिंटेज वाहनांसंबंधीचे नियम केंद्रीय परिवहन मंत्रालयाने जुलै 2021 मध्ये जारी केले, त्याचे या मासिकाने त्या वेळी मनापासून स्वागत केले होते, आणि आजही त्या नियमांमागील हेतूविषयी आमच्या मनात संशय नाही. नोंदणी क्रमांकांची व्ही.ए. अक्षरांची स्वतंत्र मालिका, प्रथम नोंदणीस 20,000 रुपये, 10 वर्षांची मुदत, नूतनीकरणास 5,000 रुपये, ही सारी तजवीज संग्राहकांना मान्य होण्याजोगीच होती. परंतु व्हिंटेज म्हणजे 50 वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि ज्यात भरीव फेरफार झालेले नाहीत असे वाहन, ही जी व्याख्या मंत्रालयाने केली, ती करताना कर्त्यांच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या वाड्यातील रोल्स रॉइस होती, आपल्या मिस्त्रींच्या हातची फियाट नव्हती, हे उघड आहे. नोव्हेंबर 2020 च्या मसुद्यात तर चेसिस, बॉडी आणि इंजिन यांतील कोणताही बदल हा भरीव फेरफार समजावा असे स्पष्टच लिहिले होते. याच्या जोडीला गाडीत फेरफार करण्यास मनाई करणारे मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम, त्यावरील जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेली दर फेरफारामागे 5,000 रुपये दंडाची किंवा 6 महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद, ही सारी विचारात घेतली म्हणजे कोणताही निरीक्षक अशा गाडीवर अनुकूल शेरा मारण्यास का कचरतो हे समजते. दोष त्या निरीक्षकाचा नव्हे. त्याच्या हाती जे माप दिले आहे त्या मापात आपली गाडी बसतच नाही, आणि ती का बसत नाही हे त्याला समजावून सांगण्याचे काम आपण कोणी केलेले नाही.

ते समजण्यासाठी आपल्याकडे उत्पादित मोटारींची शर्यत कशी जन्मास आली हे आठवावे लागते. युरोपात आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या शर्यत-नियमांतील 1966 च्या परिशिष्ट जे प्रमाणे ग्रुप 1 मध्ये गाडी आणावयाची तर 12 महिन्यांत 5,000 आणि ग्रुप 2 साठी 1,000 गाड्या बनविल्याचे सिद्ध करावे लागे. 1982 मध्ये ग्रुप एन आणि ग्रुप ए आले तेव्हाही 5,000 ची अट राहिलीच. तेथे गाड्या अमाप, वर्ग अनेक, आणि शर्यतीसाठी गुपचूप बनविलेल्या गाडीस बाजारातील गाडीचे सोंग घेता येऊ नये म्हणून संख्येचे कुंपण. आमच्याकडे हे कुंपण क्रीडासंस्थेने घातलेच नाही, ते सरकारी परवान्याने घातले. 1950 नंतरच्या दशकात ज्यांच्यापाशी देशी उत्पादनाची योजना नाही त्यांनी जुळणीचा व्यवसाय आवरावा असे धोरण ठरले, आणि 1928 पासून चालू असलेला शिवडीचा जनरल मोटर्सचा जुळणी-कारखाना 1954 मध्ये बंद झाला. परदेशी तयार गाडी आणणे सामान्य माणसास जवळजवळ अशक्य झाले. मागे उरल्या त्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरची फियाट, उत्तरपाड्याच्या हिंदुस्तानची अ‍ॅम्बॅसॅडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. ज्याला शर्यतीत उतरावयाचे त्याने यांपैकी एक घ्यावी, तीही वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव ठेवून. जुहू, बराकपूर, शोलावरम या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर एखाद्या महाराजांची जग्वार किंवा लोटस उतरे तेव्हा लोक कौतुकाने पाहत, पण शर्यतीचा खरा कणा या 3 गाड्यांचा होता, आणि त्यांच्यावर राबणारे हात गॅरेजमधल्या मिस्त्रींचे होते.

आता 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर आणि कुटुंबासाठी घातलेले बाकासारखे आसन, यांच्या बळावर शर्यत पळणे शक्य नव्हते हे वाचकांना सांगावयास नको. हेड घासून काँप्रेशन वाढविणे, पोर्ट रुंद करणे, कॅम पुन्हा घासून घेणे, ओव्हरसाइझ पिस्टन बसतील इतका बोअर करणे, पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली बसविणे, बंपर व मागचे आसन उतरवून वजन कमी करणे, ब्लॉक फुटला तर मोडीतून दुसरा आणून रात्रीत चढविणे आणि सकाळी शर्यतीपूर्वीच्या तपासणीला, म्हणजे स्क्रूटिनीला, उभे राहणे, हे सारे त्या काळच्या मिस्त्रींनी केले. परदेशी सुटे भाग मिळत नव्हते म्हणून त्यांनी ते लेथवर कातून काढले. प्रीमियर, हिंदुस्तान आणि स्टँडर्ड यांच्यापैकी कोणीही शर्यतीसाठी वेगळी आवृत्ती काढून ती शोरूममध्ये विकण्याची प्रथा पाडली नाही. प्रतीक्षायादीच एवढी लांब असताना विक्रीसाठी कीर्ती मिळविण्याची त्यांना गरजच काय होती? म्हणून जे काम अन्यत्र कारखान्याने केले ते येथे गाडी विकली गेल्यानंतर मिस्त्रींनी केले, आणि आजच्या नियमाच्या दृष्टीने तोच अपराध ठरला.

ही तुलना नीट ध्यानात येण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घेऊ, कारण उत्पादित मोटारींच्या शर्यतीचा इतका सलग इतिहास दुसऱ्या फार थोड्या देशांना आहे. 1960 मध्ये फिलिप आयलंड येथे सुरू झालेली 500 मैलांची शर्यत 1963 मध्ये बाथर्स्टच्या माउंट पॅनोरामावर आली. दुकानात मिळते तशी गाडी पळवावयाची, असा तिचा दंडक. 1966 मध्ये मिनी कूपर एस गाड्यांनी पहिले 9 क्रमांक पटकावले, तेव्हा कोणत्याही ग्राहकास तीच मिनी मागता येत होती. या दंडकामुळेच फोर्ड आणि होल्डन यांनी शर्यतीत चालेल अशी गाडी बनवून ती रस्त्यावरच्या ग्राहकास विकण्याची चढाओढ लावली, आणि तिच्यातून 1971 ची फाल्कन जीटीएचओ फेज थ्री निर्माण झाली, जिच्या 300 च्या आसपासच गाड्या बनल्या. जून 1972 मध्ये सिडनीच्या एका रविवारच्या पत्राने, ताशी 160 मैल वेगाच्या गाड्या लवकरच रस्त्यावर येणार, असे भडक शब्दांत छापताच मंत्री खवळले. अवघ्या काही दिवसांत कंपन्यांनी पुढच्या आवृत्त्या रद्द केल्या, फेज फोर मूठभर गाड्यांवरच थांबली, आणि 1973 पासून शर्यतीचे नियमही बदलले. सरकारच्या धाकाने एक संपूर्ण वर्ग तेथेही संपला, हे खरे. पण त्या गाड्यांचे मोठे कार्बुरेटर, मोठी टाकी, कडक सस्पेन्शन हे सारे कारखान्यातून आलेले असल्यामुळे त्या कंपनीच्या दप्तरात मूळ म्हणून नोंदल्या गेल्या, आणि आज त्यांच्यापैकी एकेक चेसिस क्रमांकानिशी ओळखली जाते. मूळ स्वरूप आणि शर्यतीचे स्वरूप तेथे एकच आहे. तसेच 1987 च्या फोर्ड सिएरा आरएस 500 चे. सुधारित आवृत्तीसाठीची 500 गाड्यांची अट पुरी करण्यासाठी ती मुद्दाम बनविली, आणि तिच्या होमोलोगेशनच्या, म्हणजे शर्यतीसाठीच्या मान्यतेच्या, कागदांत भागांची छायाचित्रे आहेत.

आंतरराष्ट्रीय महासंघ ऐतिहासिक गाड्यांना जो तांत्रिक पासपोर्ट देतो त्याचे सूत्रही हेच आहे. गाडी आपल्या काळात ज्या तपशिलाने पळाली तो तपशील आज तिच्यात आहे की नाही, एवढेच तेथे पाहतात. त्या काळी केलेला फेरफार पुराव्याने सिद्ध झाला तर तो काढून टाकण्यास कोणी सांगत नाही. आमच्या वाचकांना मात्र एजंटांनी सल्ला दिला आहे की दुसरा कार्बुरेटर उतरवा, गिअर पुन्हा वर न्या, मोडीतून एखादे शोरूमसारखे आसन मिळवा, म्हणजे पासिंग होईल. किमान एका वाचकांनी हे केलेही आहे, असे त्यांच्या पत्रावरून दिसते. एका दाखल्यासाठी एका शर्यतीच्या गाडीचा नाश झाला, आणि तो भरून निघणारा नाही.

याहून मोठी अडचण पुढे आहे. 15 वर्षांनंतर साधी नोंदणी संपते, 50 वर्षांनंतर व्हिंटेज सुरू होते. मधल्या 35 वर्षांत गाडीला इतिहास असू शकतो हे कोणत्याच नियमाला ठाऊक नाही. 1974 पासूनच्या पद्मिनी आता कोठे उंबरठ्यावर येत आहेत. डिसेंबर 1983 मध्ये आलेली मारुती 800, जिने आपल्या शर्यतीचे सारे गणित बदलले, शोलावरमच्या शेवटच्या हंगामांत आणि 1990 पासून इरुंगट्टुकोट्टईच्या नव्या ट्रॅकवर जिच्यावर एक पिढी शिकली, तिच्यापैकी पहिली गाडीही 2033 च्या अखेरीपर्यंत या व्याख्येत येणार नाही. एस्टीम आणि झेन तर त्याहून दूर. दरम्यान दर 5 वर्षांनी फेरनोंदणी, त्यावर पर्यावरण कर, त्यावर फिटनेस, आणि नाहीच जमले तर मोडीचे केंद्र. व्याख्येत बसेपर्यंत यांतील किती गाड्या शिल्लक उरतील?

आपल्या राष्ट्रीय मोटार क्रीडासंस्थेने आणि तिच्या घटक क्लबांनी या बाबतीत आजवर काय केले, असे विचारणे भाग आहे. 2020 च्या मसुद्यावर हरकती मागविल्या होत्या, त्या वेळी संग्राहकांच्या संघटनांनी आपले म्हणणे हिरिरीने मांडले. शर्यतीच्या बाजूने कोणी निवेदन दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. क्लबांची दप्तरे कोठे आहेत, हे त्यांच्याच चिटणीसांना सांगता येत नाही. स्क्रूटिनीचे तक्ते, प्रवेशपत्रे, निकालपत्रके, निषेधांचे जाबजबाब, हे सारे कार्यालय बदलताना रद्दीत गेले, असे उत्तर आम्हांस एकाहून अधिक ठिकाणी मिळाले, आणि ते देताना कोणाला खंत वाटल्याचे दिसले नाही. पदाधिकाऱ्यांची निवडणूक आली की जे सदस्य 200 मैलांवरून येतात त्यांना जुन्या कपाटाची किल्ली शोधण्यास एक दुपार मिळू नये, हे आम्हांला समजत नाही. परदेशी गाडीची कुंडली कंपनीच्या तळघरात सापडते. आपल्या गाडीची कुंडली कोणत्याही कंपनीकडे नाही. ती त्या तक्त्यांत होती, आणि आता उरली असेल तर गॅरेजमधल्या वह्यांत.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. मंत्रालयाने नियमात एकच पोटकलम जोडावे: ज्या फेरफारांचा काळ आणि शर्यतीतील वापर क्रीडासंस्थेच्या तांत्रिक समितीने कागदोपत्री प्रमाणित केला असेल ते फेरफार मूळ स्वरूपाचा भाग समजावेत, आणि अशा गाड्यांपुरती 50 वर्षांची अट 25 वर आणावी. रस्त्यावर बेबंद फेरफार करणाऱ्यांना यातून मोकळीक मिळत नाही, कारण प्रमाणपत्राला पुरावा लागेल. आणि क्रीडासंस्थेने ही समिती मंत्रालयाची वाट न पाहता आजच नेमावी, तिच्यावर निवृत्त स्क्रूटिनिअर घ्यावेत, आणि फियाट, अ‍ॅम्बॅसॅडर, हेरल्ड, पद्मिनी, मारुती 800 यांच्या शर्यतीच्या गाड्यांची एक नोंदवही उघडावी.

ती उघडेपर्यंत हे काम आम्ही करणार आहोत, आणि त्यासाठी प्रत्येक वाचकाची मदत हवी आहे. ज्यांच्याकडे 1995 पूर्वी शर्यतीत उतरलेली कोणतीही देशी गाडी आहे त्यांनी चेसिस क्रमांक, आजचा व पूर्वीचा इंजिन क्रमांक, बोअर, कार्बुरेटर, कॅम आणि सस्पेन्शनचा तपशील, आणि गाडी कोणी कधी तयार केली याची माहिती आमच्या पत्त्यावर लिहून पाठवावी. जुन्या मिस्त्रींपैकी जे हयात आहेत त्यांना वाचकांनी या महिन्यातच भेटावे, त्यांची वही पाहावी, तिची पाने छायाचित्रात उतरवून घ्यावीत, आणि ते बोलत असतील ते लिहून घ्यावे. मूळ वही त्यांच्याकडेच राहू द्यावी. छायाचित्र असेल तर गाडीवरील शर्यतीचा क्रमांक वाचता येईल अशी प्रत काढावी. आणि ज्यांना एजंटाने दुसरा कार्बुरेटर उतरविण्यास सांगितले आहे, त्यांनी पाना हाती घेण्यापूर्वी आम्हांस पत्र लिहावे.