विहिरीवर कोण जाणार?

नोकरी सोडून, पसारा आवरून गावी साधं राहायला निघालेल्या पुरुषांना माझा एक प्रश्न आहे. विहिरीवर कोण जाणार? मे महिन्यात वीज गेलेली, पंप बंद, नळ कोरडा. अशा वेळी कळशी कोणाच्या कमरेवर असणार? ज्याच्याकडे याचं उत्तर तयार आहे, त्याने खुशाल राजीनामा द्यावा. बाकीच्यांनी आधी घरात विचारावं.

प्रश्न सुचायचं कारण आमच्याच घरात आहे. आम्ही माहीमचे, शितलादेवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर राहणारे. आमच्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून आमचे हे आणि यांचे मित्र एकच गणित मांडत बसलेत. नवी जागा ताब्यात आली की विकायची, पैसे मुदत ठेवीत टाकायचे आणि व्याजावर गावी राहायचं. गाव संगमेश्वर तालुक्यात. घर आहे, परसात माड आहेत, वर काजूची कलमं आहेत. ‘माणसाला लागतं काय? गरम पेज, मासळीचं कालवण आणि शांतता,’ असं हे म्हणतात. पेज चुलीवर कोणीतरी ठेवलेली असते आणि मासळी कोणीतरी साफ केलेली असते, एवढंच त्या यादीत नसतं.

मी बँकेत आहे. जमा आणि नावे दोन्ही बाजू भरल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा जमेची बाजू आधी. मुंबईने माणसाचा जीव काढलाय, हे खरंच आहे. सकाळी माहीम स्टेशनवर गाडीत पाय ठेवायला मिळाला तरी दिवस चांगला सुरू झाला असं वाटतं. जिकडेतिकडे खोदकाम, खिडकीच्या गजावर सिमेंटची धूळ. २०२५ साली शितलादेवीचं भुयारी मेट्रो स्थानक सुरू झालं, ते होईपर्यंत आम्ही किती वर्षं पत्र्यांच्या कडेकडेने चाललो ते आम्हालाच ठाऊक. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला यातून सुटावंसं वाटलं तर त्यात काही चूक नाही. तिशीतली मुलंही आता हीच भाषा बोलतात. मलाही अधूनमधून वाटतं.

पण हा प्रयोग नवा आहे, या भ्रमात कोणी राहू नये. साध्या आयुष्याचा प्रयोग कोकणात शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि तो बायकांनी केलेला आहे. पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, रामा म्हणून घरकामाला. बायको गावी. सासू-सासरे, पोरं, गुरं, भाताचे दळे, सगळं तिच्या अंगावर. महिन्याला मनीऑर्डर यायची आणि शिमग्याला, गणपतीला चाकरमानी यायचा. जनगणनेतही हे दिसतं. २०११ साली महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२. तिथे मुली जास्त जन्मतात म्हणून नव्हे, पुरुष निघून जातात म्हणून.

आणि शहरातल्या टोकाला काय होतं? दहा-दहा, पंधरा-पंधरा जण एका गाळ्यात, पाळीपाळीने झोपणारे. त्यांची जेवणं लालबाग-परळच्या खानावळवाल्या बायका करायच्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणीतल्या एका पुरुषाची नोकरी चालवायला दोन बायका लागत होत्या: गावी शेत राखणारी आणि इथे डाळभात रांधणारी. दोघींचीही नावं हजेरीपटावर नव्हती.

माझे सासरे परळच्या गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी गावी गेले ते कायमचे. सासरेही गेले. नोकरी सुटली, खर्च आवरला, गावचं साधं जगणं सुरू झालं. त्यांनी ते मागितलं नव्हतं, हा मोठा फरक आहे, आणि त्या माणसाच्या मनाचं काय झालं असेल हे मी हलक्याने घेत नाही. पण सासूबाईंच्या दृष्टीने काय घडलं? मनीऑर्डर थांबली आणि घरात जेवायला एक माणूस वाढलं. तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडणाऱ्या या माणसाला चहा करता येत नव्हता. आयुष्यभर खानावळीत जेवला, तो शिकणार कधी? ते ओटीवर बसायचे. सासूबाई पहाटे पऱ्यावर धुणं धुऊन, गोठा काढून, भाकऱ्या थापून शेतावर जायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, मामंजी परत आले तेव्हा बरं वाटलं का? म्हणाल्या, ‘बरा वाटला गो. पन काम काय कमी नाय झाला.’

भातशेतीतली कामं मी मुद्दाम मोजून लिहिते, कारण ‘घरचे तांदूळ’ हे दोन शब्द मुंबईत फार सोपे झालेत. उन्हाळ्यात कवळ तोडून भाजावळ. मग तरवा पेरायचा. भर पावसात पाठ वाकवून लावणी. मग बेणणी, कापणी, झोडणी. नांगर आणि आता पॉवर टिलर पुरुषाच्या हातात; वाकून करायचं बहुतेक सगळं बाईकडे. हे झालं शेत. घरची आमसुलं, आंबोशी, फणसाची साठं, पावसाळ्याआधी भरायचा लाकूडफाटा हे त्याशिवाय. आम्ही मे महिन्यात जाऊन ‘काय चव आहे’ म्हणत जे खातो, ते कोणाच्या तरी मणक्यातून आलेलं असतं.

‘आता काळ बदलला,’ हे म्हणतात. गॅस आहे, मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे. खरं आहे. पण कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि उतारावरून, जांभ्यातून वाहून जातो. उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर येतात. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडातली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वीज गेली की मशीनचा नुसता डबा उरतो आणि धुणं पऱ्यावर जातं. तिथे पुरुष सहसा दिसत नाहीत.

‘कामाला बाई ठेवू,’ हे दुसरं उत्तर. कुठली? २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. तरणी माणसं मुंबई-पुण्याला, नाहीतर चिपळूण-रत्नागिरीला गेली. हापूसच्या बागा राखायला आता नेपाळहून गडी येतात. गावात उरलेल्या साठीच्या बाईने तुमची भांडी घासायची आणि तुम्ही ओटीवर बसून शहराच्या हव्यासावर बोलायचं, याला मी साधेपणा म्हणणार नाही.

इथे कोणी मला विचारेल, आणि विचारावंच: माहीममध्ये तुमचं काय वेगळं आहे? वेगळं नाही. माझं आयुष्य इथे सुटसुटीत आहे, कारण धारावीहून चालत येणारी एक बाई माझी भांडी घासते, गोपी टँक मंडईत मासळी कापून मिळते आणि कोपऱ्यावर पोळीभाजी मिळते. माझ्याही सोयीच्या मागे बायकाच आहेत. फरक एवढाच की इथे त्या कामाला दर आहे, खाडा आहे, दिवाळीला बोनस आहे. दर कमी आहे हे मान्य. पण ‘आपलीच माणसं’ या नावाखाली तो शून्य होत नाही. गावच्या घरात तेच काम माझ्याकडे येईल तेव्हा त्याला दर नसेल, खाडा तर नसेलच.

हे माझ्या एकटीच्या घरचं रडगाणं नाही. केंद्र सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. तीही जे पुरुष ही कामं करतात त्यांची, आणि असे पुरुष चारांतला जेमतेम एक. ही विभागणी खांद्यावर घेऊन तुम्ही माहीमहून संगमेश्वरला गेलात, तर साधेपणा एकाच्या वाट्याला येईल आणि काम दुसरीच्या.

मग जाऊच नये का? जावं. जाणारे नीट गेलेलेही आहेत. अभियंता असलेल्या दिलीप कुलकर्णींनी नोकरी सोडली आणि पत्नी पौर्णिमा यांच्यासह ते दापोली तालुक्यातल्या कुडावळ्याला राहायला गेले. ‘गतिमान संतुलन’ हे मासिक तिथून चालवलं, पर्यावरणस्नेही जगण्यावर पुस्तकं लिहिली. त्यांचं सगळं मला झेपेल असं नाही. पण त्यांच्या मांडणीत गरजा कमी करणं आधी येतं. आमच्याकडे आधी येतो तो फ्लॅट विकून आलेल्या पैशांवरचा व्याजदर. कोट्यवधीची ठेव मागे ठेवून पेज खाणं म्हणजे साधेपणा नव्हे. मनीऑर्डर तीच, फक्त ती आता बँकेतून येणार.

तेव्हा माझ्या अटी अशा. पहिली, कामाची वाटणी निघण्यापूर्वी ठरली पाहिजे: पाणी, सरपण, स्वयंपाक, धुणं, आजारपण. ‘मी मदत करीन’ हे शब्द त्यात चालणार नाहीत. मदत पाहुणा करतो. दुसरी, सातबारा. १९४८च्या कूळवहिवाट कायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, म्हणून आम्ही बहुतेक जण वडिलोपार्जित जमिनीवरच जाणार. त्या उताऱ्यावर चुलते-पुतणे मिळून नावांची रांग असते, आणि सुनेचं नाव लागतं ते नवरा गेल्यावर. माहीमची जागा माझ्याही पगारातून उभी राहिली, ती विकून मी अशा घरात जायचं जिथे कागदावर मी कोणीच नाही? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावली होती. गावोगावच्या शेतकऱ्यांनी जे केलं ते माहीमच्या पदवीधरांना जड जाऊ नये. तिसरी अट, मुंबईतलं छप्पर पूर्ण विकायचं नाही. आज हिंदुजा हॉस्पिटल आम्हाला चालत जाण्याजोगं आहे. गावाहून रात्री छातीत दुखलं तर १०८ला फोन करून घाटातल्या वळणांवर भरवसा ठेवायचा आहे.

सरकारकडून माझी अपेक्षा याहून वेगळी नाही. गावाकडे परतणाऱ्यांसाठी होमस्टे आणि पर्यटनाच्या योजनांची चर्चा खूप होते. वाडीवर बारमाही पाणी, वेळेवर एसटी आणि डॉक्टर हजर असलेलं आरोग्य केंद्र एवढं झालं, तर परतणाऱ्यांना वेगळ्या योजनेची गरजच पडणार नाही. मुख्य म्हणजे, जी बाई कधी सोडूनच गेली नव्हती, तिचं जगणं आधी सोपं होईल.

साधेपणाला राजीनामा लागत नाही. तो माहीमच्या स्वयंपाकघरातही सुरू करता येतो, उद्या सकाळीच. कामवाल्या बाईला पगारी सुट्टी द्यावी, पावसाळाभर घरातला स्वयंपाक, धुणं, भांडी पुरुषाने निम्मी वाटून घ्यावीत, बाजार पायी करावा, खर्च निम्म्यावर आणावा. जो यात टिकेल त्याच्याबरोबर मी आनंदाने संगमेश्वरला जाईन, विहिरीवर आळीपाळीने जाईन. जो टिकणार नाही त्याने गणपतीला जावं, पाच दिवस गावाचं कौतुक करावं आणि परतीचं आरक्षण आधीच करून ठेवावं.