‘इम्प्रूव्ह’ म्हणजे ‘बरा झाला’ नव्हे



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सेनंतर एक गृहस्थ हातात कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा क्षयाने आजारी होता व रुग्णालयातून नुकताच घरी परतला होता. कागदावर प्रकृतीच्या रकान्यात ‘इम्प्रूव्ह्ड’ एवढा एकच शब्द होता. “फादर, पोरगा बरा झाला असंच लिहिलंय ना? मग गोळ्या बंद करतो,” असे ते आनंदाने म्हणाले. त्या आनंदावर विरजण घालणे आमच्या जिवावर आले; परंतु शब्दाचा खरा अर्थ सांगणे भाग होते.

‘इम्प्रूव्ह’ म्हणजे सुधारणे, पूर्वीपेक्षा चांगले होणे. किती चांगले, हे तो शब्द सांगत नाही. आजारातून उठून पूर्ववत होणे यास ‘रिकव्हर’ म्हणतात, आणि रोग समूळ नाहीसा करणे यास ‘क्युअर’. आपल्याकडे ‘उतार पडला’ आणि ‘खडखडीत बरा झाला’ यांत जो भेद, तोच येथे जाणावा.

क्षयावर औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, अन्न गोड लागते, वजन वाढते. हे झाले ‘इम्प्रूव्ह’. जंतू मात्र शरीरात उरलेले असतात. म्हणून साध्या क्षयावरही औषध सामान्यतः 6 महिने घ्यावे लागते. ते मध्येच सोडल्यास रोग उलटतो, आणि उरलेले जंतू त्याच औषधाला दाद देईनासे होतात.

शाळेतील मुलांनीही ध्यानात ठेवावे. मराठीत ‘अक्षर सुधारले’ व ‘त्याने अक्षर सुधारले’ अशी दोन्ही वाक्ये चालतात. ‘इम्प्रूव्ह’चेही तसेच आहे. ‘रिकव्हर’ मात्र तापाने होत नाही, माणूस होतो: ‘ही रिकव्हर्ड फ्रॉम फीव्हर’.

‘इम्प्रूव्ह’ हा शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधील ‘नफा’ या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि जमीन कसून फायद्यात आणणे यासाठीही तो वापरीत. आपण शेतकरी माणसे. नांगरट झाली म्हणजे पीक घरात आले, असे कोणी समजतो काय?

त्या गृहस्थांनी गोळ्या चालू ठेवल्या. पुढे मुदत भरल्यावर तपासणी करून डॉक्टरांनीच त्या थांबविल्या. वाचकहो, असा कागद हाती आल्यास प्रथम एवढेच विचारावे: औषध कोणत्या तारखेपर्यंत घ्यावयाचे?