खळ्यातली सावली बघून वागा

३ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, तुमच्या खळ्यात सरळ कडांचा एक स्टीलचा डबा उभा ठेवा. जागा सपाट हवी. मग पाच-दहा मिनिटे तिथेच थांबा. सुरुवातीला डब्याच्या बुडाशी सावलीची नखाएवढी कोर दिसेल. ती बारीक होत जाईल, आणि एक वेळ अशी येईल की डब्याला सावलीच उरणार नाही.

पेडणे असो की डिचोली, हे वर्षातून दोनदा घडते. सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. दुसरी खेप ९ ऑगस्टच्या आसपास असते, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते. म्हणून मे महिन्यातली खेप चुकवू नका. दिल्लीकरांच्या नशिबी हे नाही. त्यांच्या डोक्यावर सूर्य बरोबर कधीच येत नाही.

बारा वाजता का नाही, साडेबारालाच का, असे मुले विचारतील. आपल्या देशाचे घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेले आहे. आपण तिच्या बरेच पश्चिमेला. त्यामुळे आपली खरी माध्यान्ह अर्धा तास उशिरा होते. हे नुसते गमतीचे नाही. बाराला काम सोडून साडेबाराला उन्हात चालत घरी निघालात, तर तुम्ही सर्वांत कडक ऊन अंगावर घेता.

सूर्याबद्दल लोक खूप काही विचारतात, आणि मोबाइलवर त्याहून जास्त काही फिरत असते. मला एवढेच सांगायचे आहे की, ज्याची भीती बाळगायची त्याची आपण बाळगत नाही, आणि ज्याची गरज नाही त्याने घाबरून जातो.

तो एक संदेश तुमच्याही मोबाइलवर आला असेल. पृथ्वी सूर्यापासून फार लांब जाणार, थंडी वाढणार, अंग दुखणार, सर्दी-खोकला होणार. त्यात सूर्याचे नेहमीचे अंतर नऊ कोटी किलोमीटर दिलेले असते. ते साफ चूक आहे. सूर्य आपल्यापासून सरासरी पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. त्याचा उजेड इथे पोहोचायला आठ मिनिटे आणि वीस सेकंद लागतात. पृथ्वी दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला थोडी लांब असते आणि जानेवारीच्या सुरुवातीला थोडी जवळ. फरक पन्नास लाख किलोमीटरचा, म्हणजे शेकडा तीनच. हे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. त्याने कोणाला सर्दी झालेली नाही. तो संदेश पुढे पाठवू नका.

आणि बघा, जानेवारीत सूर्य सर्वांत जवळ असतो, तरी आपल्याकडे तेव्हाच पहाटे गारवा असतो. ऋतू अंतरावर ठरत नाहीत. पृथ्वी साडेतेवीस अंश कलती आहे, त्यावर ठरतात. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला आपल्याकडे दिवस साधारण सव्वाअकरा तासांचा असतो, जूनच्या २१ तारखेला तेरा तासांचा. एप्रिल-मेमध्ये ऊन सरळ डोक्यावर पडते, म्हणून तापते. जूनमध्ये सूर्य तितकाच बलवान असतो, पण पाऊस आणि ढग आपल्याला वाचवतात.

आता ज्याची खरोखर काळजी करायची, ते सांगतो.

मार्च २०२३ आठवा. उष्णतेमुळे ९ आणि १० मार्चला शाळा दुपारच्या आत सोडाव्या लागल्या. त्याच दिवसांत सत्तरीत म्हादईच्या रानात वणवे पेटले होते. मार्चचा पहिला पंधरवडाही सरला नव्हता. किनारी भागात पारा ३७ अंशांवर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर चढला, की हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते. विदर्भातल्या माणसाला ३७ म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण आपली हवा दमट. घाम येतो, तो सुकत नाही. घाम सुकला तरच अंग थंड होते. म्हणून आपल्याकडचे ३७ अंग मोडून टाकतात.

नेमके याच दिवसांत काजूचे काम असते. डोंगरउतारावर वाकून बोंडू गोळा करायचे, बी पिळून काढायची, डबे डोक्यावरून खाली आणायचे. झाडाखाली सावली आहे असे वाटते, पण वारा नसतो आणि खालचा सुका पाला तापलेला असतो. काम पहाटे सुरू करा. अकराच्या आत घरी या. उरलेले चारनंतर करा. बोंडू पळून जात नाहीत.

पाणी सोबत न्या आणि तहान लागायची वाट बघू नका. दर अर्ध्या तासाने दोन घोट घ्या. घरून निघताना पेज पिऊन निघा, मीठ घालून. आपल्या आजीने हे उगाच शिकवले नव्हते. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते आणि पेज दोन्ही भरून काढते. नाचण्याचे तिजण, सोलकढी, ताक, अडसराचे पाणी, जे घरात असेल ते चालेल. ज्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावे. उर्राकाचा मोसमही हाच. दारूने अंगातले पाणी आणखी कमी होते. उन्हातल्या कामाआधी आणि कामाच्या मध्ये ती घेऊ नका.

घरात साखर-मिठाचे पाणी करायचे असेल तर माप नीट लक्षात ठेवा. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. उन्हातून आलेला माणूस डोके दुखते म्हणाला, मळमळते म्हणाला, पायात गोळे आले म्हणाला, तर त्याला सावलीत बसवा आणि पाणी पाजा. पण तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर थांबू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत ओले फडके ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. ताप समजून पांघरूण तर मुळीच घालू नका.

म्हातारी माणसे आणि लहान मुले बोलत नाहीत, त्यांच्याकडे आपण बघायचे. पत्र्याच्या खोलीत दुपारी कोणाला निजवू नका. गाडीत मुलाला दोन मिनिटांसाठीही बंद करून जाऊ नका. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला वैशाखात जाल, तेव्हा रांगेतल्या म्हाताऱ्यांसाठी पाण्याची एक बाटली जास्त न्या.

उन्हाचा दुसरा त्रास कातडीला आणि डोळ्यांना. उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. ते उबेवरून कळत नाहीत. हरमल, मांद्रे, मोरजीला समुद्रवारा लागतो, म्हणून ऊन जाणवत नाही. पण पांढरी वाळू आणि पाणी तेच किरण पुन्हा तुमच्या तोंडावर टाकतात. ढगाळ दिवशीही ते बऱ्यापैकी खाली येतात.

यासाठी कुठलेही यंत्र नको. सावली बघा. तुमची सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर ऊन सौम्य आहे. आखूड झाली की टोपी घाला, डोके-मान झाका, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला. आगरवाड्याच्या मिठागरात राबणारा माणूस आणि माडावर चढणारा पाडेली, दोघांनाही हे लागू आहे.

कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळते का, हेही बायका हमखास विचारतात. अगदी सकाळच्या उन्हाने फारसे मिळत नाही. ते करणारे किरण सूर्य वर आल्यावरच खाली पोहोचतात. सावली आखूड होऊ लागली की हातापायांवर दहा-पंधरा मिनिटे ऊन घ्या. त्याहून जास्त थांबून जास्त फायदा होत नाही. हाडे फार दुखत असतील तर रक्त तपासून घ्या, आपल्या मनाने गोळ्या खाऊ नका.

ऊन वैरी नाही हेही विसरू नका. आपले सगळे पुरुमेंत त्याच्यावरच. भिरंडांच्या सोलांना रस आणि मीठ लावून सुपात पसरायचे, सुकले की पुन्हा रसात बुडवायचे, पुन्हा उन्हात. चार-पाच दिवसांनी ती काळीभोर होतात, दुमडली तरी मोडत नाहीत. मिरच्या, सुके बांगडे, आगरातले मीठ, सारे त्याच उन्हाचे. आता छपरावर विजेची तावदानेही बसवता येतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला तीस हजार, दोनला साठ हजार, तीन आणि त्यापुढे अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान ठरलेले आहे. एक किलोवॉटला उघडिपीच्या दिवशी चारेक युनिट वीज मिळते. पावसाळ्यात ती बरीच कमी होते, हे धरूनच हिशोब करा. छपरावर माडाची सावली पडते का, तेही आधी बघा.

सौर वादळ येणार, मोबाइल फुटणार, असेही कोणी कोणी सांगतात. सूर्यावर वादळे होतात हे खरे. साधारण अकरा वर्षांनी ती वाढतात. सप्टेंबर १८५९ मध्ये झालेल्या फार मोठ्या वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय यंत्रांवर उमटली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी या नोंदी बिघडणार म्हटल्यावर हे काम अलिबागला नेले. तिथली वेधशाळा १९०४ पासून नोंदी ठेवते आहे. मे २०२४ मध्ये असेच मोठे वादळ आले, तेव्हा लडाखात हानले इथे रात्री आकाश तांबडे झाले. पेडण्यात कोणाला काही कळलेही नाही. पृथ्वीचे चुंबकत्व आणि आपली हवा आपल्याला राखतात.

उपग्रह, रेडिओ आणि जीपीएसला मात्र अशा वेळी त्रास होऊ शकतो. सूर्यावर नजर ठेवायला इस्रोचे आदित्य एल-१ यान जानेवारी २०२४ पासून पंधरा लाख किलोमीटर दूर उभे आहे. खोल समुद्रात जाणाऱ्या होडीवाल्यांनी जीपीएसबरोबर होकायंत्रही ठेवावे. तुम्ही-आम्ही मोबाइल बंद करून बसायची गरज नाही.

आणि ग्रहण. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास ग्रहणाची पट्टी आपल्या शेजारच्या अंकोल्यावरून गेली. पुष्कळ लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले. ग्रहणात सूर्यातून वेगळे असे काही बाहेर पडत नाही. अन्न नासत नाही. पोटातल्या बाळाला काही होत नाही. ज्यांना स्नान-जप करायचा त्यांनी जरूर करावा, पण गरोदर सुनेला तासन्‌तास उपाशी आणि तहानलेली ठेवू नका. त्याने मात्र खरा त्रास होतो.

भीती डोळ्यांची आहे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर आतला पडदा भाजतो, आणि भाजताना दुखत नाही. दुसऱ्या दिवशी मधोमध काळा डाग दिसू लागतो तेव्हा कळते. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा काळा चष्मा, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काहीही चालत नाही. ग्रहणासाठी बनवलेला, ओरखडे नसलेला चष्मा वापरा. नाही तर सूर्याकडे पाठ करा आणि आंब्याखाली जमिनीवर बघा. पानांमधून पडणारा प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झालेला दिसेल. घरातली मोठ्या भोकांची चाळण धरली तरी तेच दिसते.

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी दुपार कलल्यावर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. दिवस पावसाचे आहेत, पण ढग फाटले तर मुले बाहेर धावणारच. चष्मे जुलैतच आणून ठेवा, आणि शेजारच्या मुलांसाठी दोन जास्त आणा.